बाबांचे ३०० दिवस आणि तुझे ३०

एका वाचक मैत्रिणीचं मोठं पत्र आलंय, ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात सांगते. वय ३६, माहेर साताऱ्याकडचं. पुण्यात नऊ वर्षं आयटीत काढली आणि अडीच वर्षांपूर्वी कंपनीनेच जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम. नवरा पण तिथेच नोकरी करतो, मुलगी सात वर्षांची. करारात वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. पहिल्या वर्षी हिने ११ दिवस घेतली, दुसऱ्या वर्षी बॉस मागे लागला म्हणून त्या वर्षीची उरलेली घेतली. गेल्या गणपतीत गावी आली तेव्हा लॅपटॉप सोबत होता, रात्री जागून ऑफिसच्या मेलना उत्तरं दिली, आणि परत गेल्यावर कौतुक राहिलं बाजूला, बॉसने केबिनमध्ये बोलावून 'हे परत करायचं नाही' असं सांगितलं. ते तिला फार लागलंय. आता त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या ऑफिसातून बदलीची ऑफर आहे, एल-१ म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर. पगार ४० टक्के जास्त, रजा १५ दिवस आणि आजारपण त्यातच. नवऱ्याला जर्मनी सोडायची नाहीये. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले बाबा फोनवर विचारतात, "एवढ्या सुट्ट्या घेतेस, नोकरी टिकेल ना?" तिचा प्रश्न असा: "इथे लोक पाचला पेन खाली ठेवतात, ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे गायब असतात. माझ्यासारख्या मेहनती माणसाची किंमत अमेरिकेतच होईल ना ताई? की मी फक्त पैशामागे धावतेय?" महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय.

---

तू मला ताई म्हटलंस म्हणून सरळ अगंतुगं करते. पत्र दोनदा वाचलं. ऑफरचा आकडा तू एका ओळीत उरकलायस आणि केबिनमधल्या त्या दहा मिनिटांवर पानभर लिहिलंयस, त्यामुळे मी पण तिथूनच सुरू करते, अमेरिकेकडे मग येऊ.

मी पुण्यात २२ वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी परदेशी क्लायंट असलेल्या कंपन्यांत, त्यामुळे हा प्रसंग मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलाय. तुला वाटलं आपण घरचा गणपती सोडून कंपनीसाठी रात्री जागलो आणि हा माणूस आपल्यालाच बोलतोय. आता त्याच्या बाजूने बघ. तूच लिहिलंयस की तुझ्या जागी काम बघणाऱ्या कलीगने सॉफ्टवेअरचं एक रिलीज दोन दिवस पुढे ढकललं होतं आणि तू रात्री साडेअकराला साताऱ्याहून मेल टाकलास की नाही, आजच जाऊ दे. आणि ते गेलं. म्हणजे ज्याला तू जाताना चार्ज देऊन आलीस त्याचा निर्णय सगळ्या टीमसमोर तू फिरवलास, तेही रजेवर असताना. तिथे ह्या बदली बघणाऱ्या माणसाला फरट्रेटुंग म्हणतात, ते नुसतं मेलमधलं नाव नसतं, तेवढे दिवस त्या कामाचा मालक तो असतो. तू त्याचा पचका केलास गं, तुझ्या मनात तसं काही नव्हतं तरीसुद्धा.

दुसरं असं की तू काम केलंस तो दिवस मग रजेचा राहिलाच नाही. जर्मनीतला रजेचा कायदा १९६३ चा आहे आणि त्यात रजा ही विश्रांतीसाठीच आहे असं धरलेलं आहे, म्हणजे रजेत आजारी पडलीस आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलंस तर ते दिवस सुद्धा रजेतून कापता येत नाहीत, ते आजारपणात धरून रजा तुला परत मिळते. जिथे ताप आला तर रजा परत मिळते तिथे बॉसने मेलला उत्तरं देणं चालवून घ्यायचं तर त्याचीच पंचाईत. शिवाय कंपनीचा लॅपटॉप युरोपबाहेर नेऊन न विचारता काम करणं, त्यात डेटाचे नियम आले, इन्शुरन्स आला. ह्यातलं काही झालं असतं तर आधी त्याला विचारलं असतं.

आणि दुसऱ्या वर्षी तो उरलेली रजा घे म्हणून मागे लागला, ते तुला 'माझ्यावाचून अडत नाही' असं वाटलं. तसं नाहीये. युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मालकाने वेळेत आणि नीट बजावलं नसेल की बाई तुझी एवढी रजा शिल्लक आहे आणि अमुक तारखेला बुडेल, तर ती आपोआप बुडत नाही. बजावणं ही आता त्याची जबाबदारी आहे. स्टुटगार्टमध्येच मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरने २०१४ मध्ये अशी सोय केली की माणूस रजेवर असेल तर त्याला आलेली मेल पुसूनच टाकायची आणि पाठवणाऱ्याला उत्तर जाणार की ही मेल डिलीट झालीय, अर्जंट असेल तर अमक्याला लिहा. कामावर परतल्यावर इनबॉक्स रिकामा. तू ज्या गावात राहतेस तिथली ही रीत आहे आणि तू मध्यरात्री रिप्लाय ऑल करत होतीस.

आता बाबांकडे येते, कारण मला वाटतं खरी गाठ तिथे आहे.

माझे वडील पण सरकारी नोकरीत होते त्यामुळे मला हे घर चांगलं माहितीये. दर १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी अर्जित रजा खात्यावर जमा व्हायची, ती घ्यायची नाही, साठवायची, साठवत साठवत ३०० दिवसांपर्यंत न्यायची आणि रिटायर होताना तिचे पैसे घ्यायचे. लग्नकार्य, दवाखाना, तेवढ्यापुरत्या किरकोळ रजा, त्या वर्षाला आठच. वडिलांच्या सर्व्हिस बुकात रजेच्या हिशोबाचं पान होतं, शेवटच्या वर्षी ते पान त्यांनी आम्हाला काढून दाखवलेलं, निळ्या शाईतला आकडा, ३००. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार कमी वेळा पाहिलंय. आणि ते चुकीचं नव्हतं! सरकार त्यांची रजा विकत घेत होतं, दहा महिन्यांचा पगार एका चेकने यायचा, त्यात आमच्या घराचा वरचा मजला झाला. तुझ्या बाबांनी पण असंच काहीतरी केलं असणार, तुझं इंजिनिअरिंग असेल नाहीतर लग्न. त्यामुळे 'एवढ्या सुट्ट्या घेतेस' म्हणताना त्यांना दिसतंय ते असं की पोरगी बँकेतून पैसे काढून उडवतेय.

पण जर्मनीत ही बँकच नाहीये. तिथे नोकरीत असताना कायद्याने मिळणारी रजा विकता येत नाही, नोकरी संपली आणि रजा घ्यायची राहून गेली तरच तिचे पैसे मिळतात. पुढच्या वर्षात न्यायची तर कारण लागतं आणि तेही साधारण ३१ मार्चपर्यंत. पहिल्या वर्षी तू जे १९ दिवस घेतले नाहीस त्याचं तुला काय मिळालं सांग. प्रमोशन? नाही, तसं असतं तर तू लिहिलं असतंस. पैसे? नाही. तू बाबांची सवय नेलीस, पण त्या सवयीमागचा व्यवहार इथेच राहिला.

आता 'पाचला पेन खाली' बद्दल. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तो पाचला उठतो तो सकाळी किती वाजता आलेला असतो ते बघितलंयस का? बऱ्याच ठिकाणी सात-साडेसातला. मधे जेवायला अर्धा तास, आणि मीटिंगला अजेंडा नसेल तर लोक येतच नाहीत. ओईसीडी ह्या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांत जर्मन कामगार वर्षाला सरासरी १,३४० च्या आसपास तास काम करतो आणि अमेरिकन १,८०० च्या आसपास. हा फरक ऐकून लगेच आळशी म्हणू नकोस, जर्मनीत पार्टटाइम करणारे, विशेषतः बायका, खूप आहेत आणि त्याने सरासरी खाली येते, पण फुलटाइमवाला सुद्धा कमी तास करतो हे खरंच आहे आणि तरी एका तासामागे जेवढं उत्पादन निघतं त्यात तो देश जगातल्या पुढच्या रांगेत आहे. रजा ही तिथे कामाच्या प्लॅनमध्येच बसवलेली असते. जानेवारीत टीमचं कॅलेंडर उघडतात, शाळेतली मुलं असलेले आधी तारखा टाकतात, गुरुवारी सण आला की शुक्रवार जोडून घेतात, त्याला ब्रुकेनटाग म्हणजे पुलाचा दिवस म्हणतात, आणि मग त्या कॅलेंडरभोवती रिलीज ठरतं. आपल्याकडे रिलीज आधी ठरतं आणि मग रजेचं बघू.

आणि रजा ही काही त्यांच्या रक्तात नव्हती, मागून आणि भांडून मिळालीय. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठे संप झाले तेव्हा कुठे दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली, तिचे पाच आठवडे व्हायला १९८२ उजाडलं. युरोपियन युनियनने किमान चार आठवडे सगळीकडे लागू केले ते १९९३ च्या नियमाने. आपल्याकडे तर रविवारसुद्धा असाच मिळालाय. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तोपर्यंत गिरणीतल्या माणसाला आठवड्याची अशी ठरलेली सुट्टी नव्हती. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, पुणे जिल्ह्यातले, आणि आपल्यातल्या किती जणांना रविवारी सकाळी चहा पिताना त्यांचं नाव आठवतं? मला हे फार टोचतं म्हणून लिहिलं.

जपानची गोष्ट तर अगदी तुझ्यासारखी आहे. तिथे कायद्याने रजा आहे, सहा महिन्यांनी १० दिवस आणि वाढत वाढत २० पर्यंत, पण लोक घेतच नव्हते, बाकीच्यांना त्रास होईल म्हणून. शेवटी २०१९ पासून कायदाच केला की वर्षात किमान ५ दिवस रजा कामगाराने घेतली की नाही हे मालकाने बघायचं, नाहीतर दंड. कामाच्या ओझ्याने मरण ह्याला ज्या भाषेत वेगळा शब्द आहे, कारोशी, त्या देशाला हे करावं लागलं.

हा, पण एक गोष्ट तुझ्या बाजूने. तुझ्या मनातला हा अपराधीपणा उगाच आलेला नाही, नऊ वर्षं पुण्यात होतीस ना. युरोपातला ऑगस्ट आणि नाताळ कुणाच्या जिवावर निघतो हे मी जवळून पाहिलंय. तिकडे सगळे रजेवर म्हणजे इकडे सपोर्ट पूर्ण लागणार, आणि मग अमेरिकेच्या क्लायंटचं रिलीज नेमकं दिवाळीत. मी जिथे होते तिथे एका वर्षी पाडव्याच्या आणि भाऊबीजेच्या सगळ्या रजा एका मेलने रद्द केल्या, त्या मेलवर सही माझी होती. एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, बहीण लातूरहून येतेय, दुपारी दोन तास तरी सोडा." मी 'बघते' म्हणाले आणि सोडलं नाही. ते मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं. अशा ठिकाणी तयार झालेली मुलगी स्टुटगार्टला जाऊन पहिल्याच वर्षी ३० दिवस आनंदाने घेईल असं कसं होईल. पण निदान हे ओळख की ही भीती तिथल्या ऑफिसची नाही, तू पुण्याहून सोबत आणलेली आहे.

आता अमेरिका.

तुला बरेच जण सांगतील की अमेरिकेत १५ आणि जर्मनीत ३०, अर्धीच रजा, जाऊ नकोस. मी तसं सांगणार नाही, आधी हिशोब करू. वर्षात शनिवार-रविवार सोडून २६१ दिवस धर. तुझ्या राज्यात सणाच्या सुट्ट्या १२, त्यातल्या दोनेक वीकेंडला जातात, म्हणजे १०. वर ३० रजा. राहिले २२१ कामाचे दिवस. न्यू जर्सीत १० सणाच्या आणि १५ रजा धरल्या तर २३६. फरक १५ दिवसांचा, साधारण ७ टक्के जास्त काम. पगार ४० टक्के जास्त. नुसत्या दिवसांच्या हिशोबावर ऑफर नाकारायला काही आधार नाही, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, भावंडांचं शिक्षण आहे त्यांनी ह्या ४० टक्क्यांसाठी जाणं मला अगदी रास्त वाटतं.

खरा फरक ह्या १५ दिवसांच्या आत आणि बाहेर आहे. अमेरिकेत पगारी रजा द्यायलाच पाहिजे असा देशपातळीवरचा कायदा नाही, १९३८ चा जो पगाराचा आणि तासांचा कायदा आहे तो न केलेल्या कामाचे पैसे द्यायला सांगत नाही. मिळतं ते कंपनीच्या मर्जीने आणि ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असेल तेवढं. काही राज्यांनी आपापले नियम केलेत, न्यू जर्सीत ३० तासांमागे एक तास अशी वर्षाला ४० तासांपर्यंत पगारी आजारपणाची रजा मिळते आणि घरच्यांच्या आजारपणासाठी राज्याच्या इन्शुरन्समधून १२ आठवड्यांपर्यंत थोडा पगार पण मिळतो, त्या मानाने तू बऱ्या राज्यात चाललीयस. पण तुझ्या कंपनीने आजारपण १५ मध्येच धरलंय. म्हणजे तुला फ्लू झाला, लेकीला दोनदा ताप आला, एकदा शाळेतून फोन आला की संपले पाच-सहा दिवस. जर्मनीत तू आजारी पडलीस तर एका आजारासाठी सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, नंतर इन्शुरन्सकडून मोठा हिस्सा, आणि १२ वर्षांखालचं मूल आजारी असेल तर सरकारी इन्शुरन्समधल्या प्रत्येक पालकाला २०२४ पासून १५ दिवस वेगळे मिळतात. ह्यातलं काहीच त्या ३० मधून जात नाही. म्हणून माझ्या मते तुझी तुलना ३० आणि १५ ची नाही, ३० आणि ९-१० ची आहे.

त्या ९-१० मध्ये भारत कसा बसवणार? सातारला पोचायलाच दीड दिवस जातो. आणि भारतवारी म्हणजे विश्रांती असं मला तरी कुणा परदेशातल्या माणसाने सांगितलेलं नाही, ती आनंदाची असते पण दात दाखवायचा, बँकेची केवायसी, सासरी चार दिवस, माहेरी चार, कुणाकडे जेवायला गेलो नाही म्हणून रुसवे. परत जाताना माणूस आलेल्यापेक्षा दमलेला असतो. ३० मध्ये निदान १८ भारताला देऊन १२ तुम्हा तिघांना उरतात. (जर्मनीत अडचण वेगळी, शाळा बुडवून मुलाला नेता येत नाही. २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला होते म्हणून उन्हाळी सुट्टीत बसले, २०२६ ला १४ सप्टेंबर, म्हणजे तुमच्याकडे शाळा सुरू होण्याच्या सुमारास. त्या वर्षी मुलीला गणपती मिळणं अवघड आहे हे आजीआजोबांना आत्ताच सांगून ठेव.)

नोकरीची शाश्वती हा तिसरा भाग. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कंपनी कारण न देता कधीही काढू शकते, आणि एल-१ त्याच कंपनीला बांधलेला असतो, नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत काहीतरी सोय करायची नाहीतर देश सोडायचा. एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नवऱ्याला काम करता येतं ही चांगली बाजू. जी माणसं दहा दिवस पण पूर्ण घेत नाहीत ती काही सगळी कामाच्या प्रेमाने राहत नाहीत, ह्या ६० दिवसांची भीती पाठीशी असते.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. तुला जर्मनीत ३० दिवस होते तरी तू ११ घेतलेस आणि गणपतीत आरतीनंतर माडीवर बसून मेल लिहिल्यास. तिथे तुला अडवणारं कुणीतरी होतं. बॉस होता, कायदा होता, तुझ्या जागी बसणारा कलीग होता. न्यू जर्सीत तुला कुणी अडवणार नाही. उलट पहिल्या रात्रीच्या मेलला 'यू आर अ रॉकस्टार' असं उत्तर येईल आणि तुला ते फार फार आवडेल, कारण त्याचीच तू अडीच वर्षं वाट बघतेयस. तुझ्या पत्रात 'किंमत' हा शब्द सहा वेळा आलाय गं. पैसे हा शब्द दोनदा.

म्हणून विचारते, तुला देश बदलायचाय की कुणीतरी 'छान केलंस' म्हणायला हवंय? तू ज्या भागात राहतेस तिथल्या श्वाबी लोकांची म्हणच आहे की ओरडलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक केलं. तुझा बॉस बहुतेक त्याच मातीतला असणार. त्याला तुझं काम आवडतं की नाही हे तू त्याला कधी विचारलंच नाहीस. वेळ मागून घे, सरळ विचार की माझ्या कामाबद्दल तुझं मत काय, पुढच्या दोन वर्षांत मी कुठल्या पदावर असेन आणि पगार किती वाढेल. तिथे सरळ प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही आणि उत्तरही सरळ मिळतं. ते उत्तर जर 'भाषा येत नाही तोवर वरचं पद अवघड आहे' असं आलं, आणि ते येऊ शकतं, तर मग अमेरिकेचा विचार वेगळ्या वजनाने करायचा. जर्मनीत सगळं गोड आहे असं मी म्हणतच नाहीये, टॅक्स आणि कपाती जाऊन हातात काय पडतं ते तुला माहितीये, सरकारी ऑफिसची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, आणि न्यू जर्सीत जितकी मराठी माणसं आणि मराठी शाळा आहेत त्यामानाने तिथे एकटं वाटतं. हे पण खरं वजन आहे, ते हलकं धरू नकोस.

महिनाअखेरीच्या आत आणखी दोन कामं करायची आहेत. पहिलं कागदांचं. तू ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, असशील तर २७ महिने झाले की, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची येत असेल तर २१ महिन्यांनीच, पीआरचा म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. तुला अडीच वर्षं झाली म्हणजे ३० महिने, मग अर्ज का नाही केलास अजून? कुठलाही निर्णय घे पण तो अर्ज आधी टाक, आणि देशाबाहेर सलग किती महिने राहिलं की ती पीआर रद्द होते हे तिथल्या वकिलाकडून लेखी घे, कारण अमेरिका नाही जमली तर परतीचा दरवाजा तोच आहे. नवऱ्याचं अर्धं म्हणणं ह्याने सुटेल असं मला वाटतं, त्याला जर्मनीपेक्षा पायाखालची जमीन सोडायची भीती असणार.

दुसरं न्यू जर्सीच्या एचआरला मेल. सही करायच्या आधी मागितलेलं मिळतं, नंतर नाही. २० दिवस रजा आणि आजारपण वेगळं असं सरळ माग, पगार थोडा कमी झाला तरी चालेल म्हण. तीन आठवडे सलग घेता येतील का, न घेतलेली पुढच्या वर्षी जाते का, नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतात का, हे सगळं मेलवर विचार, फोनवर नाही. आणि ज्या टीममध्ये जाणार तिथल्या एका माणसाशी बोल, शक्यतो मूल असलेल्या बाईशी, आणि विचार की गेल्या वर्षी तू प्रत्यक्ष किती दिवस घेतलेस आणि त्या दिवसांत किती वेळा कॉल घेतलास. हल्ली काही कंपन्या 'अनलिमिटेड रजा' देतात, त्यांनाही हाच प्रश्न विचारायचा, कारण जिथे आकडाच नाही तिथे शिल्लक काही राहत नाही आणि मागताना प्रत्येक वेळी तोंड वेंगाडावं लागतं. मुलीच्या उन्हाळी सुट्टीचा खर्च पण आत्ताच काढ, अमेरिकेत ती दहाएक आठवड्यांची असते आणि समर कॅम्पचे पैसे ऐकून पुण्याच्या माणसाला घाम फुटतो.

ह्या सगळ्याची उत्तरं चांगली आली, आणि बॉसने हात वर केले, तर जा. मनापासून सांगतेय. फक्त एक अट स्वतःला घाल, ह्या गणपतीत किंवा नाताळात, जी पहिली रजा येईल तिथे सलग दोन आठवडे लॅपटॉप घरी ठेवून बघ. जर्मनीतला कायदाच सांगतो की एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा. जमलं तर तू कुठेही जा. आणि जर चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, मेल बघितल्याशिवाय झोप येईना, तर न्यू जर्सी एक वर्ष पुढे ढकल, कारण आधी ते नीट करायला हवं आणि करायची जागा तुझ्याकडे आत्ता आहे.

जाता जाता पुण्या-मुंबईतल्या बाकीच्या वाचकांसाठी, कारण रजेबद्दलची पत्रं तुमच्याकडूनच जास्त येतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, त्या तीन-तीन महिन्यांनी जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात. वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक पगारी रजा, ती ४५ पर्यंत साठते. वर ८ सणाच्या सुट्ट्या. बऱ्याच जणांना हे आकडे माहीतच नसतात आणि ते मॅनेजरचे उपकार म्हणून रजा घेतात. दिवाळीची रजा ऑक्टोबरात मागू नका, जानेवारीत कॅलेंडर आलं की मेल टाका, तुमच्या जागी कोण बघेल त्याचं नाव त्याच मेलमध्ये लिहा, आणि त्या माणसाच्या रजेत तुम्ही त्याचं काम खरंच बघा. मी ज्यांच्या रजा नाकारल्या त्यातल्या निम्म्या ह्या एका ओळीने वाचल्या असत्या, नाव लिहिलेलं असलं की नकार देणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

आणि तुझ्या बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच सांग की बाबा, इथे शिल्लक रजेचे पैसे मिळत नाहीत, मार्चनंतर सगळी बुडते. सर्व्हिस बुक सांभाळलेला माणूस आहे तो, रजा बुडवणं त्यांना अजिबात खपणार नाही, पुढच्या फोनला तेच विचारतील, किती राहिलीय, कधी घेतेस.